जाणाऱ्याच्या हाती

हॅवलॉक बेट, अंदमान
६ डिसेंबर २०२४

वहिनी,

नमस्कार. उंबऱ्याबाहेर उभा राहून करतोय असं समजा. आत घ्यायचं की नाही ते तुमच्यावर.

पाडव्याच्या दिवशी मी ताटावरून उठलो, तांब्या अंगणात भिरकावला आणि मिळेल त्या एसटीनं निघून आलो. आईनं एवढंच सांगितलं होतं की आपल्या आळीतल्या नंदाची सोयरीक पाथर्डीला जमली. आपण कुणासमोर काय बोलतोय हे तिला बिचारीला काय माहीत. आसारामदादा माझ्यामागं फाट्यापर्यंत आला होता. मी खिडकीतून त्याला बघितलं आणि मान वळवली. आता ते रोज आठवतं, जेवायला बसलं की हमखास.

माझा फोन लागत नसेल. तो समुद्रात आहे. नंदाच्या मैत्रिणीनं साखरपुड्याचे फोटो पाठवले तेव्हा मी जेटीवर उभा होतो, आणि हात आपसूक वर गेला. मग स्वतःच बुडी मारून शोधत बसलो. लोकांना समुद्राचा तळ दाखवणाऱ्या दुकानात नोकरी माझी, आणि स्वतःचा फोन काही सापडला नाही. मालक म्हणाला, नवा घेऊ नकोस, काही दिवस कागदावर लिही, डोकं थंड राहील.

आता कामाचं. त्या रागात माझी निळी पिशवी घरीच राहिली, माळ्यावर असेल. पाण्याखाली जायचं माझं सगळं सामान तिच्यात आहे. इथं मालकाचं सामान वापरलं की पगारातून भाडं जातं, ते एक वेळ चालेल. पण फेब्रुवारीअखेर माझी डाइव्हमास्टरची परीक्षा आहे आणि तिला स्वतःचा संच लागतो. ती झाली की मी हवेच्या टाक्या उचलणारा मदतनीस राहणार नाही, लोकांना घेऊन खाली उतरणारा होईन. अर्ध्यात कॉलेज सोडलेल्याला पुन्हा परीक्षेला कोण बसवतं? मला बसवतायत. कुरिअरनं पिशवी पाठवता का?

दादाला काही सांगू नका. म्हणजे, सांगा काहीतरी.

तुमचा
रविराज

•

कोल्हार
१८ डिसेंबर २०२४

रवीभाऊजी,

पत्र पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, अंदमानचं पत्र आहे, पोराला काळ्या पाण्याची शिक्षा झाली की काय? मी म्हटलं, शिक्षा आम्हाला झाली, तो मजेत आहे.

तांब्याला पोचा पडलाय. आई रोज त्याच तांब्यानं तुळशीला पाणी घालतात आणि पोचा माझ्याकडं करून ठेवतात. तुमचे दादा तुमचं नाव काढत नाहीत, पण तुमचं पत्र मी फ्रीजवर ठेवलं होतं ते दुपारी वाचलेलं दिसलं. घडी उलटी होती.

पिशवी घेऊन कुरिअरवाल्याकडं गेले. त्यानं चेन उघडली, आतला सुरा बघितला, तोंडात धरायची ती नळी बघितली आणि मला विचारलं, मॅडम, घरात सगळं ठीक आहे ना? नाही घेतली त्यानं.

मग आईंनी त्यांचा जुना कायदा काढला. म्हणाल्या, एवढी काय काळजी, कुणी जाणारा असंल त्याच्या हाती दे. आणि जाणारा कोण, तर तो त्यांना माहीत होताच. भाऊजी, हे बसून वाचा. नंदाचं लग्न परवा झालं. जानेवारीत ती दोघं अंदमानला चाललीत, पुण्याहून विमानानं. मांडवातच आईंनी नवरदेवाला गाठून सांगितलं की आमचा धाकटा तिकडंच हाय, त्याची पिशवी न्याल का? त्यानं काय पिशवी, केवढी पिशवी, काही न विचारता मान हलवली. नंदा शेजारी उभी होती. तिचं तोंड मी बघितलं. आईंनी नाही बघितलं.

नवऱ्याचं नाव कानिफनाथ. पाथर्डीला बी-बियाण्याचं छोटं दुकान आहे. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात. अंगानं किडकिडीत आहे, हसताना हात तोंडावर धरतो. वाईट म्हणण्यासारखं मला काही सापडलं नाही. मी शोधलं होतं.

मला जे माहीत आहे ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नको असेल तर तसं कळवा, मी आईंना काहीतरी निमित्त सांगीन. हवं असेल तर पिशवी कशी भरायची ते नीट लिहा.

अश्विनी

•

हॅवलॉक
२९ डिसेंबर २०२४

वहिनी,

आधी 'नको' असं लिहिलं होतं, तो कागद फाडला. परीक्षा आहे. पाठवा.

लग्नात तिनं कोणता रंग नेसला होता ते तुम्ही लिहिलं नाहीत. लिहू नका. हसत होती का, तेही नको. दुसऱ्या वर्षाला असताना तिच्यावरून एक जण बोलला म्हणून मी त्याचं डोकं फोडलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, सगळ्यांपुढं माफी माग आणि वर्गात बस. मी माफी मागितली नाही, कॉलेज सोडलं. नंदा म्हणाली होती, एकदा माफी माग रवी, तोंड काही झिजत नाही. जिच्यासाठी भांडलो तीच असं म्हणते म्हणून मी तिच्याशीही बोलणं टाकलं आणि इकडं आलो. मला वाटलं होतं ती थांबेल. थांब असं मात्र कधी म्हणालो नाही.

असो. पिशवी अशी भरा.

पाण्यात तरंगायच्या जॅकेटातली हवा पूर्ण काढा, तोंडाजवळचं बटण दाबून वर बसा म्हणजे निघेल. पोहायचे लांब पाय तळाशी आडवे. त्यांच्यामध्ये रबरी सूट, घडी न घालता गुंडाळून. सुरा आतल्या बाजूला, जाडसर फडक्यात, तो विमानाच्या पोटातल्या सामानातच जाऊ द्या, हातातल्या पिशवीत सापडला तर काढून घेतात. नळ्यांचा जो गुंता आहे, तोंडात धरायचा, तो रेग्युलेटर. तो माझा जीव आहे, आपटला की संपला. तो हातातल्या पिशवीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून. टॉर्चमधून बॅटऱ्या काढून त्याही हातातल्या पिशवीत. काचेच्या चष्म्यात मोजे कोंबा. हवेची टाकी इथं मिळते, तिचा प्रश्न नाही.

आणि शिसं. दिवाळीत विहिरीत उतरायला त्या पाच विटा ओतल्या होत्या, मोटारीच्या खोलीत असतील. त्या सगळ्या द्या. कमरेला शिसं नसेल तर माणूस खाली जातच नाही, वर तरंगतो. शिशाशिवाय बाकीचं सगळं फुकट आहे. विसरू नका. वजन जास्त होतंय असं कुणी म्हणालं तरी काढू नका.

आणि पिशवी तिच्या सामानात नको. त्याच्या सामानात द्या. आपण होऊन हो म्हणालाय ना तो.

रविराज

•

कोल्हार
१६ जानेवारी २०२५
(पिशवीच्या पुढच्या कप्प्यात)

रवीभाऊजी,

हे पत्र पिशवीबरोबरच येतंय, म्हणजे तुमच्या हातात पडेल तेव्हा ती दोघं तुमच्यासमोर असतील. नीट वागा.

कानिफनाथ स्वतः पिशवी न्यायला आले, मोटारसायकलवर, पाथर्डीहून इथवर. विमानात आधी बसलेत का विचारलं तर म्हणाले, आकाशपाळण्यात बसलोय, मढीच्या जत्रेत. रेग्युलेटर मी माझ्या बाळंतपणातल्या मऊ लुगड्यात गुंडाळला. जॅकेटातली हवा निघता निघेना, शेवटी तुमचे दादा न बोलता आले, त्याच्यावर बसले, आणि न बोलता गेले.

मग विटा. एकेक वीट उचलताना माझा हात खाली जात होता. कानिफनाथांनी विचारलं, हे काय हाय? मी म्हटलं, बुडायला लागतं. ते म्हणाले, असंल, ज्याचा धंदा त्याला ठावं.

वजन करायला आम्ही पिशव्या आणि विटा समोरच्या कांद्याच्या वखारीत नेल्या. माणशी पंधरा किलोच्या वर जाऊ देत नाहीत म्हणे, वर गेलं की किलोवर पैसे. तुमची पिशवी काट्यावर ठेवून विटा आत घातल्या तर त्यांचा वाटा बहुतेक तिच्यातच भरला, त्यांची पिशवी वर ठेवली की काटा पुढं गेला. तेव्हा ते माणूस काय करतं सांगू? आपली पिशवी उघडून लग्नातले नवे बूट काढले, दोन पँटी काढल्या, टॉवेल काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, ताई, हे ठिवा, आल्यावर नेतो. मी म्हटलं, अहो, विटाच दोन कमी करू. तर नको म्हणाले. दिलेल्या सामानातलं आपण काढायचं नसतं म्हणाले.

काटा बरोबर पंधरावर आला. नंदा आली नव्हती.

बूट आमच्या फडताळात आहेत. तिळाच्या वड्या वरच्या कप्प्यात आहेत, त्यांच्यातल्या अर्ध्या त्यांना द्या.

अश्विनी

•

हॅवलॉक
२६ जानेवारी २०२५

वहिनी,

वड्या मी खाल्ल्या नाहीत. सगळ्या त्यांना दिल्या. तेवढीच गोष्ट चांगली केली, म्हणून आधी सांगून टाकतो.

ती दोघं यायची होती त्याच्या दुसऱ्या दिवशी आली. मी आदल्या दिवशी प्रत्येक बोटीला जेटीवर जाऊन उभा होतो. मला त्याचं तोंड बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीतून एक माणूस उतरला, त्यानं एकावर एक तीन शर्ट घातले होते, वर स्वेटर. इथं घामानं माणूस विरघळतो. पायात रबरी चप्पल, खांद्यावर माझी निळी पिशवी, छातीशी धरलेलं तुमचं लुगडं. मला हसू आलं. मी हसलो, वहिनी. मग त्याच्यामागून नंदा उतरली. हिरवा चुडा, डोळे सुजलेले.

त्यानं मला ओळखलं कसं माहीत नाही. सरळ आला आणि म्हणाला, रविराज ना तुमी? हे घ्या, नळी एकदा तपासून घ्या, मी कुठं आपटली न्हाई.

काय झालं ते त्यानंच दुकानात बसून सांगितलं, हसत, तोंडावर हात धरून. पुण्याच्या विमानतळावरच्या काट्यानं पंधरा दाखवले नाहीत, बरेच जास्त दाखवले. "वखारीचा काटा म्हणल्यावर आपल्याला कळाया पायजे हुतं," म्हणाला, "त्यानं कवा कुनाचं खरं दाखवलंय?" जादा वजनाचे पैसे ऐकून त्यानं विटा काढून हातातल्या पिशवीत घातल्या. आत तपासणीच्या यंत्रात त्या काळ्याकुट्ट दिसल्या. पोलिसानं बाजूला घेतलं, हिंदीत विचारलं की हे काय आहे, कशाला लागतं. हा म्हणाला, डूबने के लिए लगता है, साब. कौन डूबेगा? हमारे गाँव का आदमी, उधर अंदमान में. मग आणखी दोन साहेब आले. त्यांनी सगळं उघडलं, नंदाची पिशवीही उघडली, लोकांच्या देखत. हे निस्तरेपर्यंत विमान गेलं.

रात्र त्यांनी बाहेरच्या खुर्च्यांवर काढली. दुसऱ्या दिवशीच्या विमानाला पुन्हा पैसे भरले, आणि पुन्हा काट्यावर जास्त भरू नये म्हणून उरलेले कपडे त्यानं अंगावर चढवले. नंदा त्याला म्हणाली होती म्हणे, त्या विटा तिथंच कचऱ्यात टाका. त्यानं टाकल्या नाहीत.

मी विचारलं का. तर म्हणाला, आईबाप ऊसतोडीला गेले की तो पाथर्डीला आजीजवळ असायचा, शाळेसाठी. आई तिकडून कारखान्यावरून कुणी गावाकडं निघालं की त्याच्या हाती पीठ, गूळ, कधी अंगातलं कापड पाठवायची. जाणाऱ्यानं वाटेत मध्येच कुठं ठेवलं, विसरला, की दोघं आजी-नातू शेजारी मागायला जायची. "तवापासनं मी कुनाचं सामान मधी ठिवत न्हाई," म्हणाला.

वहिनी, हे तो जिथं बसून सांगत होता ना, त्याच्या पाठीमागं भिंतीला लोखंडी पाइप आहे. त्याच्यावर शिशाचे तुकडे लटकवलेले असतात, एक किलोचे, दोन किलोचे, ओळीनं. दुकानातलं शिसं माणसांपेक्षा जास्त आहे. हे काम करणारा कुणीही जगात कुठं विमानानं शिसं नेत नाही. मला ते लागत नव्हतं. मला फक्त तो काट्यापुढं अडलेला हवा होता, खिसे चाचपताना, आणि नंदानं ते बघितलेलं हवं होतं. त्यासाठी मी तुम्हाला लिहिलं की शिशाशिवाय सगळं फुकट.

पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले.

त्यांनी आमच्याकडंच समुद्रात उतरायचं आधीच ठरवलं होतं, नंदाला मासे बघायचे होते. पट्ट्यात वजन ओवायला मी उठलो आणि पाइपावरून तुकडे काढायला लागलो. तो मागं वळला. बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिला. मग मला विचारलं, "इथलं शिसं हलकं असतं का वो?"

वहिनी, त्यानं मला दार उघडून दिलं होतं. मी काय केलं? हो म्हणालो. समुद्राचं शिसं वेगळं असतं म्हणालो. त्यानं मान हलवली. नंदा बूट घालत बसली होती, तिचे हात थांबले.

त्याला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते असं त्यानं सांगितलं नाही, मला त्याच्या श्वासावरून कळलं. मालकानं आम्हाला खाली नेलं, मी मदतनीस म्हणून बरोबर होतो; जाताना कानिफनाथानं माझा हात धरला तो वर येईपर्यंत सोडला नाही. माझ्या बोटांवर अजून वळ आहेत. नंदा पुढं दुकानातल्या दुसऱ्या मुलाबरोबर होती, पिवळे मासे तिच्याभोवती फिरत होते, आणि मी तिच्याकडं एकदाही बघू शकलो नाही, कारण हा माणूस पाण्याखाली माझ्यावर विसंबून होता. दोन वर्षं मी स्वप्नात नंदाला ते मासे दाखवत होतो.

निघताना ती पैसे द्यायला एकटी आत आली. मी म्हटलं, नंदा, पैसे राहू दे. ती म्हणाली, "राग माझ्यावर होता तर वजन माझ्या पिशवीत द्यायचंस. त्यांच्या का?"

मी तोंड उघडलं. दोन शब्द होते. ते मला तेव्हा प्रिन्सिपॉलपुढं आले नाहीत आणि आताही आले नाहीत. ती बाहेर गेली. विटा दुकानात कोपऱ्यात पडल्यात. कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून त्यांच्यावर पोतं टाकलंय.

रविराज

•

कोल्हार
१० फेब्रुवारी २०२५

रवीभाऊजी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि चुलीत घालायला उठले होते. घातलं नाही. तुमच्या दादांनाही दाखवलेलं नाही.

इथं काय चाललंय ते ऐका. कानिफनाथांनी पाथर्डीला आणि इथं सासरवाडीला सांगितलंय की विमान त्यांच्याच चुकीनं चुकलं. पाटी वाचता आली नाही, दुसऱ्याच दारापुढं बसून राहिलो, असं सांगितलंय. शिशाचं नाव काढलेलं नाही. आता आपल्या आळीत त्यांचं नाव पडलंय, विमान चुकवलेला जावई. हळदीकुंकवाला बायका तिच्या आईसमोर हसल्या. आई म्हणाली, काय करता, आमचा जावई साधा हाय. परवा ते आले होते, एका पोरानं रस्त्यात विचारलं, दाजी, एसटी तरी सापडली का? ते हसले, तोंडावर हात धरून. मी ओट्यावरून बघत होते. त्यांचे बूट माझ्या फडताळात होते, मला ते द्यायला जाववलं नाही. कुठल्या तोंडानं देऊ?

आता माझं. तुम्हीच एकटे गुन्हेगार आहात असं समजून ऐटीत रडू नका. त्या विटा दिवाळीत तुम्ही लोहाराकडून ओतून आणल्या तेव्हा शिशासाठी मीच जुन्या बॅटऱ्या शोधून दिल्या होत्या. बेटावरून येताना तुमच्या पिशवीत शिसं नव्हतं. मग जाताना ते कसं काय लागायचं? काट्यावर तिसरी वीट ठेवताना हे माझ्या डोक्यात आलं. स्वच्छ आलं. आणि मी चौथी ठेवली, पाचवी ठेवली आणि चेन ओढली.

नंदा या घरात जाऊ म्हणून यावी हे मी मनात धरलं होतं. दोघी मिळून आईंच्या बोलण्यावर हसू, दोघी मिळून तुम्हाला ताळ्यावर आणू. ती दुसऱ्या घरी गेली, त्यात त्या माणसाचा काय दोष? पण तो माझ्यासमोर वाकून आपले बूट काढत होता आणि मला बरं वाटत होतं. तुमच्या रागाला निदान वय आहे. मला दोन लेकरं आहेत.

मी आत्ता उठून नंदाच्या आईकडं जाऊन खरं सांगू शकते. पायात चपला घातल्याही होत्या. पण मी सांगितलं तर ते बायकांचं बोलणं होईल, आणि तुम्ही आणखी एकदा माफी मागायचे राहाल. परीक्षा झाली की या. त्या विटा घेऊन या. कुणाच्या हाती पाठवायच्या नाहीत. पाथर्डीला जायचं आणि त्यांच्या तोंडावर सांगायचं. मग आमच्या आळीत सांगायचं.

ते जमणार नसेल तर पत्रही पाठवू नका.

अश्विनी

•

कोल्हार
९ मार्च २०२५

वहिनी,

तुम्ही तुमच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला कर्जतला गेलात हे दारात आल्यावर कळलं. उद्या पहाटे पुण्याहून माझं विमान आहे, कर्जतला येऊन भेटण्याएवढा वेळ नाही. म्हणून हे पत्र तुमच्या मिसळणाच्या डब्याखाली ठेवतोय. तिथं आईचा हात जात नाही आणि दादा शोधायला गेला तर चहाही सापडत नाही.

परीक्षा पास झालो. त्यानं आणलेल्या संचावर पास झालो, हे मुद्दाम लिहितो.

येताना पिशवीत पाच विटा आणि एक शर्ट होता. काट्यावरच्या मुलीनं पिशवी उचलून बघितली आणि माझ्याकडं बघितलं. एवढीशी पिशवी आणि एवढं वजन? मी म्हटलं, एकाचं आहे, पोचवायचंय. बाकी तिनं विचारलं नाही.

परवा घरी आलो, फडताळातून बूट, पँटी, टॉवेल घेतला आणि काल पाथर्डीला गेलो. पूर्ण वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. नगरला गाडी बदलताना चांगली जमली होती. दुकान बाजारतळाच्या कडेला आहे, पुढं ताडपत्री, बियाण्यांच्या पिशव्या. तो गिऱ्हाइकाला कसलंतरी औषध समजावत होता. मला बघून म्हणाला, बसा, आलोच. मी बसलो नाही. गिऱ्हाईक असतानाच विटा काउंटरवर ठेवल्या, एकेक करून, कारण नंतर माझ्याच्यानं झालं नसतं.

म्हटलं, "हे तिथं लागत नव्हतं. मला माहीत होतं. तुम्हाला त्रास व्हावा म्हणून द्यायला लावलं. माझं चुकलं. मला माफ करा."

बस, एवढंच. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. गिऱ्हाईक औषधाची बाटली धरून दोघांकडं बघत होता.

कानिफनाथ म्हणाला, "मला ठावं हुतं."

"दुकानात कळलं?"

"न्हाई. काट्यावरच. तिसऱ्या विटंला वैनी थांबल्या हुत्या."

मी विचारलं, मग का आणलंत? त्यानं वीट उचलून बघितली, जणू मी काहीतरी सोपं विचारलंय. "दिलं हुतं ना तुमी," म्हणाला.

मग म्हणाला की बोटीत एकदा त्याच्या मनात आलं होतं पिशवी पाण्यात सोडायची. चेन धरली होती. विटाच नाही, सगळीच पिशवी. तेव्हा मला बरं वाटलं, वहिनी. तो देव नाही एवढं कळलं. विटा राहू द्या म्हणाला, वाऱ्यानं ताडपत्री उडते तिच्यावर ठेवायला बऱ्या. बूट घातले, दोन पावलं चालून बघितलं.

नंदा मागच्या खोलीत होती. तिनं सगळं ऐकलं असणार, भिंत पत्र्याची आहे. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा मोठा डबा होता, वर कापड बांधलेला. माझ्याकडं नीट बघितलं नाही, रागानंही नाही. जसं कुणीही गावाकडं जाणाऱ्याला म्हणतं तसं म्हणाली, "जातोच आहेस तर हे आईला दे. हुलग्याचं पीठ आहे."

एसटीत वरच्या फळीवर जागा होती. मी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. कंडक्टर म्हणाला, काय देव आहे का आत? मी म्हटलं, पीठ आहे.

आज सकाळी नंदाच्या घरी गेलो. ओट्यावर चार बायका मेथी निवडत बसल्या होत्या. बरं झालं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वखारीपासून. तुमचं नाव घेतलं नाही, ते तुमचं तुम्ही बघा. विमान जावयानं नाही चुकवलं, मी चुकवलं, असं म्हटलं. माफी मागितली. दुसऱ्यांदा पहिल्याएवढं जड गेलं नाही, पण हलकंही गेलं नाही. बायकांचे हात मेथीत तसेच राहिले. एक जण पदर तोंडाला लावून आत गेली.

नंदाच्या आईनं हातातली जुडी सुपात ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी म्हयना-दीड म्हयना आमी त्या लेकराला हसलो ते?"

मी म्हटलं, माझ्यामुळं.

बस म्हणाली नाही. पाणी दिलं नाही. मी डबा पुढं केला, लेकीनं पाठवलाय म्हटलं. तिनं तो घेतला, दोन्ही हातांनी जोखला, आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"ह्याच्यातलं तरी खरंच लागनारं हाय ना?"

मी खाली बसलो, कापडाची गाठ सोडली आणि झाकण उघडून दाखवलं.

तुमचा
रविराज